लायपोसोमल म्हणजे नक्की काय, आणि ते एवढं महाग का?

सातारकर_मिश्या
नमस्कार मंडळी. आमच्या मामांना म्युकर निघालाय. हो तोच, कोविडच्या वेळचा काळ्या बुरशीवाला, मला वाटलेलं तो कोविडबरोबरच गेला पण डॉक्टर म्हणाले शुगर हाताबाहेर गेली की अजूनही होतो आणि कोविडच्या आधीपण होताच. नाकातलं ऑपरेशन झालं, आता बुरशीवरचं अँफोटेरिसिन इंजेक्शन चालू करायचंय. मेडिकलवाल्याने दोन भाव सांगितले, साधं काहीशे रुपयाला आणि लायपोसोमल काही हजारांना. दोन्ही बाटल्यांवर ५० एमजीच छापलंय! आणि चिठ्ठीत रोज सहा बाटल्या लायपोसोमलच्या. मामी म्हणतीय औषध तेच आहे तर साधं का नको. डॉक्टरांवर शंका नाही हो, पण राऊंडला येतात नि आम्ही तोंड उघडायच्या आत पुढच्या बेडवर, त्यामुळे इथे विचारतोय. आणि गूगल केलं तर सगळीकडे नॅनो नॅनो दिसतंय, ती काय भानगड?

डॉ_घाईत
सहा बाटल्या बरोबर आहेत. किलोला ५ एमजी धरतात, मामा ६० किलोच्या आसपास असतील, ३०० एमजी झाले, भागिले ५०. मेंदूपर्यंत गेलं असेल तर याहून जास्त पण देतात.

आता महत्त्वाचं, आणि हे मामींना नीट सांगा. साधं अँफो किलोला साधारण १ एमजी देतात, दीडच्या वर कधीच नाही. लायपोसोमलचा डोस साध्यातून दिला तर हृदय बंद पडू शकतं, असं झालेलं आहे म्हणून तर साध्याच्या माहितीपत्रकात अगदी वरती चौकटीत तो इशारा छापतात. त्यामुळे 'तेच औषध स्वस्तात आणलं' हा प्रकार इथे चालत नाही. चिठ्ठीत जे पूर्ण नाव आहे तेच आणायचं आणि सिस्टरला देताना बाटलीवरचं नाव वाचून दाखवायचं. मी एका नर्सिंग होममध्ये बघितलंय, नातेवाईक धावतपळत साधं घेऊन आले आणि फाईलला डोस लायपोसोमलचा लिहिलेला. सिस्टर जुन्या होत्या म्हणून वाचलं.

सध्या ड्युटीवर, बाकी रात्री लिहितो.

चष्मिष्ट
बापरे. पण मग मूळ प्रश्न तसाच राहिला ना, औषध एकच तर पाचपट डोस एकाचा चालतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो असं कसं?

लॅबकोट
हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे (फॉर्म्युलेशनवाला, म्हणजे औषध कुठल्या रूपात द्यायचं ते बनवणारा, आधी अंबरनाथ आता वेर्णा) म्हणून जरा लांबड लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

अँफोटेरिसिन हे १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, अँफो त्याला चिकटतं आणि आवरण गळायला लागतं, बुरशी मरते. घोळ असा की आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं जे दिसायला त्याचं चुलत भावंड. अँफोचा ओढा एर्गोस्टेरॉलकडे जास्त आहे पण कोलेस्टेरॉलला अगदीच सोडतं असं नाही. आणि याचा मार सगळ्यात जास्त किडनीला बसतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं, क्रिएटिनीन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) चढत जातं. शिवाय इंजेक्शन चालू असताना हुडहुडी भरून ताप.

दुसरी अडचण म्हणजे अँफो पाण्यात विरघळतच नाही. साध्या बाटलीत ते डीऑक्सिकोलेट नावाच्या पित्तक्षाराबरोबर दिलेलं असतं, म्हणजे ते पाण्यात तात्पुरतं धरून ठेवलेलं. रक्तात गेलं की लगेच सुटतं आणि मिळेल त्या पेशीला जाऊन भिडतं.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंचा दोन पदरी फुगा. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बॅब्रॅहमला अ‍ॅलेक बँगहॅम लेसिथिन पाण्यात कालवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होता तेव्हा ते आपोआप असे फुगे धरतं हे दिसलं. लेसिथिन म्हणजे अंड्यात सोयाबीनमध्ये असतं तेच. औषधाच्या बाटलीतले हे फुगे १०० नॅनोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दहा हजार शेजारी शेजारी मावतील. अँफो या फुग्याच्या भिंतीतच रुतून बसतं आणि तिथे त्याला चांगली पकड मिळते, कारण भिंतीत आम्ही मुद्दाम कोलेस्टेरॉल घातलेलं असतं. म्हणजे ज्याला ते किडनीत चिकटून त्रास देतं तेच त्याला आधी खाऊ घालून शांत ठेवायचं. रक्तात सुटं औषध फार कमी राहतं, बुरशीपाशी पोचल्यावर तिथलं एर्गोस्टेरॉल त्याला ओढून घेतं. म्हणून पाचपट देता येतं. किडनीला त्रास होतच नाही असं समजू नका, कमी होतो.

सातारकर_मिश्या
आत्ता कुठे टाळक्यात शिरलं. म्हणजे आपण पैसे त्या फुग्याचे देतोय.

लॅबकोट
फुग्याचे आणि सगळे फुगे एकाच मापाचे करून तसेच ठेवण्याचे. ते काम भयंकर किचकट. लिपिड, म्हणजे ते स्निग्ध रेणू, इंजेक्शनच्या शुद्धतेचं लागतं, ते कुठल्याही केमिकलच्या दुकानात मिळत नाही. उष्णता देऊन निर्जंतुक करता येत नाही कारण फुगेच मोडतात. मग बारीक फिल्टरमधून गाळून पूर्ण काम निर्जंतुक खोलीत, मग गोठवून सुकवायचं, आणि पाणी घातल्यावर त्याच मापाचे फुगे परत यायला पाहिजेत. बॅच फेल गेली की सगळी ओतून द्यायची, तिला दुसरा उपयोग नाही.

नानाफडणीस_नवे
आणि कंपन्यांचा नफा? तो पण फुग्यातच का? २०२१ ला लोकांनी दागिने मोडून ही इंजेक्शनं घेतली आहेत. तेव्हा वर्ध्यात १२०० रुपयात तयार होणार म्हणून बातमी आली होती, सात हजाराचं १२०० ला! मग एवढी वर्षं सात हजार कशाचे घेत होते?

लॅबकोट
नाना, वर्ध्याचं होतं ते इमल्शन इंजेक्शन. लायपोसोमल नव्हे. इमल्शन म्हणजे तेलाचे बारीक थेंब, त्यात औषध. ते पण साध्यापेक्षा किडनीला सौम्य आहे आणि त्या महिन्यात कुठे काही मिळतच नव्हतं तेव्हा त्याने लोकांची सोय झाली यात वादच नाही. पण वस्तू वेगळी, दोघांचे भाव शेजारी लावता येत नाहीत. नफा आहेच, नाही कोण म्हणतंय. जून २०२१ मध्ये जीएसटी कौन्सिलने अँफोवरचा ५ टक्के कर शून्यावर आणला तेव्हाही मूळ किंमतीला फारसा धक्का लागला नाही.

डॉ_घाईत
आलो. २०२१ चं आठवलं की अजून पोटात कालवतं. वापर वर्षाला मोजका, आणि एका महिन्यात अचानक मागणी कुठल्या कुठे, वरून असल्या मालाचं उत्पादन रातोरात वाढवता येत नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते, लायपोसोमल अँफोचं एक देशी रूप फार आधीपासून आहे. दिल्ली विद्यापीठातल्या डॉ. बच्छावत यांच्या लॅबचं काम आणि पेशंटवरच्या चाचण्या आपल्या मुंबईच्या केईएममध्ये, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या विभागात. काळाजारवर वगैरे पण वापरलं. त्याची गंमत म्हणजे ते देण्याआधी बाटली सोनिकेटर नावाच्या मशीनच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवायची, ध्वनीलहरींनी मोठे फुगे फुटून लहान होतात आणि मग लावायचं. रेसिडेंट असताना ते मशीन कुठल्या वॉर्डने पळवलंय हे शोधणं हेच एक काम असायचं.

मिश्याभाऊ, तुमच्याकडे काय होतंय ते बघायचं असेल तर: बहुतेक ब्रँडमध्ये पिवळट सुकी पावडर असते, आधी त्यात इंजेक्शनचं पाणी घालून जोरात हलवतात, मग फिल्टर लावून पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत. सलाईनमध्ये कधीच नाही, मिठाने ते फाटतं. आणि रोजच्या रोज पोटॅशियम क्रिएटिनीनचा रिपोर्ट आला का एवढं विचारत चला, त्याचा कुणाला राग येत नाही.

सातारकर_मिश्या
डॉक्टर फार आभार. मामींना दाखवलं, त्या म्हणाल्या डेक्स्ट्रोज म्हणजे साखर, आणि यांना शुगर आहे तर ते कसं चालतं :)

डॉ_घाईत
बरोबर प्रश्न आहे मामींचा! त्या हिशोबाने इन्सुलिन वाढवतात. पण साखर आटोक्यात ठेवणं हे म्युकरमध्ये औषधाइतकंच महत्त्वाचं, बाहेरचा शहाळंबिहाळं कार्यक्रम बंद ठेवा.

बॉस्टनची_काकू
धागा छान चाललाय. मी इथे कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, लायपोसोमचा माझा संबंध डॉक्सिलमुळे. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लालभडक औषध, उपयोगी पण हृदयाला घातक, आयुष्यात ठराविक प्रमाणाच्या वर देताच येत नाही. ते लायपोसोममध्ये भरलं आणि १९९५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, नॅनो औषधांमध्ये पहिलं म्हणून त्याचंच नाव घेतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वीण घट्ट असते, फुगे बाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे हृदय बरंच वाचतं.

आता खरी गोष्ट सांगते. २०११ मध्ये ते औषध इथे मिळेनासं झालं कारण ज्या कारखान्यात बनत होतं, ओहायोमधल्या बेडफर्डला, तिथलं उत्पादनच थांबलं. पेशंट यादीत नाव लावून बसलेले, कुणाचा नंबर लागेल सांगता येत नव्हतं. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियंत्रकांनी, तात्पुरती आयात करायला परवानगी दिली, ते लिपोडॉक्स, आपल्या सन फार्माचं! खोका उघडल्यावर आतलं लेबल बघून मला काय वाटलं ते तुम्हाला कळेलच. पुढच्या वर्षी त्यांच्याच जेनेरिकला रीतसर मंजुरी पण मिळाली.

चष्मिष्ट
काकू भारीच. मग डॉक्सोरुबिसिन पण भिंतीतच रुतवतात का?

लॅबकोट
नाही, आणि हेच मला या धंद्यातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. मोदक डोळ्यासमोर आणा. अँफो पारीच्या पिठात मळलेलं, डॉक्सोरुबिसिन आतलं सारण. पण हे सारण पारी बंद झाल्यावर भरतात! रिकामे फुगे आधी अमोनियम सल्फेटच्या पाण्यात बनवायचे, मग बाहेरचं अमोनियम सल्फेट काढून टाकायचं, आतलं राहतं. आता बाहेर डॉक्सोरुबिसिन घातलं की ते भिंतीतून आत शिरतं, आत त्यावर भार चढतो आणि सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक होतात. स्फटिक झाल्यावर बाहेर पडायची वाट बंद. जवळजवळ सगळं औषध आत जातं. खास मायक्रोस्कोपखाली प्रत्येक फुग्यात एक काडी आडवी पडलेली दिसते. वरून पेग नावाच्या पॉलिमरचे केस लावतात म्हणजे यकृत आणि पांथरीतल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला लगेच ओळखून उचलत नाहीत.

नानाफडणीस_नवे
आणि मग ते शोधत शोधत बरोबर गाठीपाशी जातं, बाकी कुठे जात नाही. पेपरात दर दोन महिन्यांनी येतं, 'थेट कॅन्सरपेशीवर वार'. एवढं असतं तर कॅन्सर संपला असता की.

लॅबकोट
नाना या वेळी बरोबर बोललात. काहीही 'शोधत' जात नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या फाटक्या असतात म्हणून नॅनोकण तिथे गळून साठतात, असं जपानमध्ये माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ ला दाखवलं. उंदरात छान दिसतं, माणसात गाठीगाठीत फरक. २०१६ ला टोरोंटोच्या वॉरन चॅनच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे पेपर चाळून हिशोब मांडला, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात ते, मधला आकडा (मीडियन) धरला तर, ०.७ टक्के. शंभरातला एक पण नाही. आमच्या लोकांनी त्यावर बरीच आदळआपट केली, मोजायची पद्धतच चुकीची वगैरे, पण मला विचाराल तर आकडा दुप्पट तिप्पट केला तरी चित्र तेच राहतं. पिशवीमुळे औषध कुठे *जात नाही* यातच आजवरचा बराचसा फायदा आहे. किडनी वाचली, हृदय वाचलं. बातमीला मात्र वार लागतो.

बॉस्टनची_काकू
आणि हृदय वाचलं तरी दुसरीकडे निघतं बरं का. हे फुगे रक्तात दिवसेंदिवस फिरतात, तळहात तळपायाला गळतात, मग कातडी लाल होऊन सोलवटते. कुणाच्या घरी चालू असेल तर: इंजेक्शननंतर काही दिवस कडकडीत पाण्याची अंघोळ नको, घट्ट चपला नकोत, भांडी घासणं धुणं पिळणं दुसऱ्या कुणाला तरी द्या. आपल्या बायका हे शेवटचं ऐकत नाहीत.

वैद्य_ओसरी
सुवर्णभस्माचा उल्लेख अजून कसा नाही आला? आपल्याकडे शेकडो वर्षांपासून नॅनो आहे, आयआयटी मुंबईत पण भस्मांवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काम झालेलं आहे.

लॅबकोट
काम झालंय, भस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात हेही खरं. पण कण लहान असणं आणि त्याने औषध योग्य जागी योग्य प्रमाणात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझेलच्या धुरात पण नॅनोकण असतात. कुठल्या भस्माने कुठल्या पेशंटला किती फरक पडला हे ट्रायल घेऊनच ठरणार, मायक्रोस्कोपच्या फोटोवरून नाही. हाच नियम 'नॅनो हळद' विकणाऱ्यांना. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हळदीतल्या कर्क्युमिनच्या शंभराहून जास्त चाचण्या धुंडाळून एकही नीट दुहेरी अंध चाचणी (कुणाला खरं औषध मिळतंय हे पेशंट नि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं ती) यशस्वी नाही असं म्हटलंय. आणि चांदीचं 'नॅनो पाणी' पिणाऱ्यांनी आर्गायरियाचे फोटो बघून घ्या, कातडी निळीकरडी होते आणि परत जात नाही.

वैद्य_ओसरी
धुराशी तुलना अस्थानी आहे. पण ट्रायल व्हाव्यात याच्याशी सहमत, पैसे कोण देणार ते सांगा.

कोकणी_मेवा
कोविडच्या लशीतपण हेच फुगे ना?

लॅबकोट
जवळचे नातेवाईक, पण फुगा नाही, आतून भरीव गोळी. मुख्य लिपिड असं निवडलेलं की रक्तात त्यावर भार नसतो, पेशीने गिळल्यावर आत आम्ल वाढलं की धन भार चढतो, कप्प्याची भिंत फाटते आणि एमआरएनए (पेशीला प्रोटीन बनवायची सूचना देणारा रेणू) बाहेर. हे तंत्र २०१८ मध्येच एका दुर्मिळ आजारावरच्या पतिसिरान नावाच्या औषधात मंजूर झालेलं होतं, म्हणून २०२० ला हाताशी तयार मिळालं. फायझरची लस उणे ७० ला ठेवावी लागायची ती या गोळीच्या आणि एमआरएनएच्या नाजूकपणामुळे. पुण्याच्या जेनोवाने सुकवलेली लस केली, साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशात राहणारी, जून २०२२ ला परवानगी मिळाली, पण तोवर लोकांचा लशीतला रस संपला होता. मला त्याचं वाईट वाटतं, काम चांगलं होतं.

सिरोंचा_एक्स्प्रेस
नमस्कार जी. मी गडचिरोलीकडे आरोग्य खात्यात आहो. तुमच्या हजारांच्या बाटल्या आमच्याकडे कोणी पाहिल्या नाही पण नॅनो आम्ही रोज वापरतो, मलेरियाची पट्टी! ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की लाल रेघ सोन्याची राहते, तेव्हा सगळे हसले. खरंच सोनं आहे का?

लॅबकोट
खरंच सोनं. साधारण ४० नॅनोमीटरचे गोळे. एवढ्या लहान आकाराला सोनं पिवळं दिसतच नाही, हिरवा उजेड शोषून घेतं आणि माणकासारखं लाल दिसतं. फॅरडेने १८५७ मध्ये हे लाल सोनेरी पाणी करून ठेवलं होतं, मीठ घातलं की कण एकमेकांना चिकटून निळं पडतं हे पण त्याने बघितलं.

पट्टीत काय होतं बघा. रक्त टाकता तिथून पुढे एका कापडात हे सोन्याचे कण सुकवून ठेवलेले, त्यांच्यावर अँटीबॉडी चिकटवलेल्या. द्रव टाकला की कण ओले होऊन वाहायला लागतात, रक्तात मलेरियाचं प्रोटीन असेल तर ते कणाला चिकटतं. पुढे टी (टेस्ट) च्या जागी दुसऱ्या अँटीबॉडीची रेघ मारून ठेवलेली असते जी त्याच प्रोटीनला दुसऱ्या बाजूने धरते. कण तिथे अडकत जातात, लाखो करोडो जमले की डोळ्याला लाल रेघ. सी (कंट्रोल) ची रेघ फक्त एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत पोचला आणि कण चालू आहेत. बॅटरी नाही मशीन नाही. पुण्याच्या मायलॅबचं घरी कोविड तपासायचं किट, कोविसेल्फ, मे २०२१ ला मंजूर झालं, किंमत २५० रुपये, बांधणी हीच. गरोदरपणाच्या पट्टीची पण हीच, फक्त निळी रेघ येणाऱ्या किटमध्ये सोन्याऐवजी रंगीत लॅटेक्सचे मणी असतात.

कोकणी_मेवा
म्हणजे फिकट रेघ म्हणजे थोडंसं पॉझिटिव्ह?

डॉ_घाईत
दिलेल्या वेळेत दिसली तर फिकट असली तरी पॉझिटिव्ह. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून बघू नका, पट्टी वाळताना उगाच रेघ उमटते, त्यावरून घराघरात गोंधळ झालेले आहेत. उलट पण होतं, हार्मोन प्रचंड जास्त असेल तर गरोदरपणाची पट्टी निगेटिव्ह दाखवू शकते. कण वेगळे भरतात, रेघ वेगळी भरते, दोघांना जोडायला मधे कुणी उरत नाही. अशा वेळी लघवीत पाणी घालून परत केली की रेघ येते.

सिरोंचा_एक्स्प्रेस
आमच्याकडे वेगळाच प्रॉब्लेम राहते. गोळ्यांचा कोर्स झाला, ताप उतरला, माणूस कामाला लागला, आणि पंधरा दिवसांनी सर्दीचा ताप आला का पट्टी परत पॉझिटिव्ह. आशाताई म्हणते सर याने गोळ्या फेकल्या, तो देवाची शपथ घेते की खाल्ल्या.

डॉ_घाईत
तो खरं बोलत असण्याची दाट शक्यता आहे. फाल्सिपेरमची (मलेरियाच्या जास्त घातक जंतूची) रेघ ज्या प्रोटीनवर येते, एचआरपी-२, ते जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. पट्टी प्रोटीन बघते, जिवंत जंतू बघत नाही. अशा पेशंटची रक्ताची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली बघणं हाच मार्ग. आणि पाकीट फोडल्यावर आतल्या पुडीचा रंग बदललेला असेल तर ती पट्टी वापरू नका, ओल लागलेली असते.

सिरोंचा_एक्स्प्रेस
पुडीचं माहीत आहे जी, पावसाळ्यात डबेच्या डबे जातात तसे. काचपट्टी घेतो आम्ही सगळ्यांची, पण पूर आला का ती तालुक्याला पोचेपर्यंत आणि रिपोर्ट येईपर्यंत ताप थांबत नाही न, तोवर आशाताईला पट्टी पाहूनच काय ते ठरवा लागते. पण हे आठवडे टिकतं वालं मी उद्याच्या मीटिंगमध्ये सांगतो, त्या पोराला लई बोलणी बसली होती.